आजीचं सहावं गुणसूत्र

एचआरचा मेल आला तेव्हा मी तो नेहमीप्रमाणे न वाचताच डिलीट करणार होते. वेलनेस वीक! दरवर्षीचं ठरलेलं. योगा मॅट, स्ट्रेस बॉल आणि एखादी हसतमुख डाएटिशियन, जी सांगते की रात्री आठनंतर जेवू नका. (रात्री आठला आमचा क्लायंट झोपेतून उठतो, बाई!) पण या वेळी मेलमध्ये जरा हटके आयटम होता. डीएनए टेस्ट, निम्म्या किमतीत. एका नळीत थुंकायचं, कुरिअरने पाठवायचं आणि महिन्याभरात तुमची कुंडली मेलबॉक्समध्ये हजर.

आमच्या अख्ख्या टीमने नाव दिलं. थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही अशी अट होती, त्यामुळे आमच्या फ्लोअरवर सलग अर्धा तास कुणीही चहा प्यायला नाही. कंपनीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

रिपोर्ट आला साठ-पासष्ट पानांचा. मला कॉफी मानवते म्हणे. दूध फारसं मानवत नाही. (हे आईला गेली तीस वर्षं माहितीये, फुकट.) केस गळण्याची शक्यता मध्यम. आणि मग एका पानावर मोठ्ठा हिरवा स्मायली, शेजारी लिहिलेलं, 'दीर्घायुष्य : अनुकूल.' खाली बारीक अक्षरात एका जनुकाचं नाव. फॉक्सो-थ्री. दीर्घायुष्याशी जोडलं गेलेलं त्याचं जे रूप आहे, त्याची एक प्रत माझ्यात आहे.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कारण आमच्या घरात दीर्घायुष्य म्हणजे आजी. वय वर्षं चौऱ्याण्णव. मूळची वाईकडची. चष्मा फक्त पेपर वाचायला. भातावर तुपाची धार, चहात दोन चमचे साखर, आणि सत्तरी उलटेपर्यंत रोज सकाळी मिशेरी. तिचा एक भाऊ एक्क्याण्णवपर्यंत जगला, बहीण एकोणनव्वदपर्यंत. मला वाटलं, चला, आपलंही तिकीट कन्फर्म.

घरी आले तर आजी हॉलमध्ये मेथी निवडत बसलेली. मी शेजारी फतकल मारली आणि तिला मोबाइलवर तो स्मायली दाखवला. जनुक म्हणजे काय, ते आईबापाकडून कसं येतं, सगळं समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे माझं काहीतरी तुझ्यात आलंय म्हणतेस?"

"हो ना आजी. तुझ्याकडूनच आलं असणार."

"मग नंदूकडूनच आलं असेल की तुझ्याकडं. नंदूतपण असणार."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आजीने पुढची जुडी उचलली.

नंदू म्हणजे माझे बाबा. 2009 साली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, बँकेच्या जिन्यावर त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय बावन्न. मी सोळा वर्षांची होते, चिंटू तेराचा. दिवसाला दोन-तीन सिगारेटी ओढायचे, घराबाहेर, आजीला कळू नये म्हणून. (तिला अर्थात माहीत होतं.) वजन बेताचं. तीनच महिन्यांपूर्वी केलेल्या तपासणीत कोलेस्टेरॉल नॉर्मल. भेटायला आलेला प्रत्येक जण 'टेन्शन असेल' म्हणून गेला.

आणि त्याच्या पुढच्या सोळा वर्षांत आजीच्या तोंडून एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. देवापुढे बसल्यावर, कधी दुपारी एकटी असताना, पुटपुटल्यासारखं : "त्याचं आयुष्य मी खाल्लं." आपण म्हणतो, म्हातारी माणसं असं बोलतातच. पण त्या दिवशी मेथी निवडताना मला जाणवलं की ती हे मनापासून मानते. आणि मी काय केलं होतं? तिच्यासमोर एक स्मायली धरून तिला पुरावाच दिला होता. तेच जनुक असूनही मुलगा गेला, म्हणजे वाटणीत काहीतरी गडबड झाली!

मग मी वाचायला बसले. वीकेंडमागून वीकेंड. ही फॉक्सो-थ्री काय भानगड आहे, ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

गोष्ट सुरू होते एका किड्यापासून. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा, दोन-तीन आठवडे जगणारा. 1993 मध्ये कॅलिफोर्नियात सिंथिया केनयन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या किड्याच्या एकाच जनुकात बदल असेल तर तो दुप्पट जगतो. अट एवढीच की डॅफ-सिक्स्टीन नावाचं दुसरं एक जनुक शाबूत हवं. हे दुसरं जनुक पेशीतल्या मुकादमासारखं आहे. अन्नाची चणचण आली, ताण आला की ते दुरुस्तीची आणि साफसफाईची कामं सुरू करतं. आपल्या शरीरात त्याचे जे नातलग आहेत, त्यांतलं एक फॉक्सो-थ्री.

किड्यापासून माणसापर्यंत यायला पंधरा वर्षं गेली. हवाई बेटांमधल्या ओआहूवर 1965 पासून जपानी वंशाच्या आठ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास चालू होता, मुळात हृदयविकारासाठी. 2008 मध्ये ब्रॅडली विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातले 95 किंवा जास्त वर्षं जगलेले 213 जण घेतले, आणि 81 च्या आत गेलेले 402. दोन्ही गटांची जनुकं ताडून पाहिली. फॉक्सो-थ्रीच्या त्या रूपाच्या दोन्ही प्रती असणारे लोक पहिल्या गटात ठळकपणे जास्त निघाले. पुढे जर्मनीतल्या शतायुषी लोकांमध्येही हेच दिसलं. दीर्घायुष्याच्या बाबतीत इतक्या वेगवेगळ्या देशांत टिकून राहिलेली जनुकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, त्यांतलं हे एक.

इथपर्यंत वाचून मी खूश. मग तक्त्यातला एक आकडा दिसला. 'कमी जगलेल्या' गटाचं मृत्यूसमयीचं सरासरी वय किती होतं? साडेअठ्ठ्याहत्तर! म्हणजे ज्यांना ते अल्पायुषी म्हणत होते, तेसुद्धा माझ्या बाबांपेक्षा सव्वीस वर्षं जास्त जगले होते. बावन्नाव्या वर्षी बँकेच्या जिन्यावर कोसळणारा माणूस या अभ्यासात कुठेच नव्हता. सत्तरी पार केलेल्यांपैकी कोण नव्वदी गाठतं, एवढंच हा जीन सांगत होता. सत्तरीपर्यंत कसं पोचायचं, ते नाही.

माझा हिरवा स्मायली जरा फिका पडला, हे मान्य करते.

आता तुम्ही म्हणाल, पण दीर्घायुष्य घराण्यात असतंच की. असतं. पण किती? डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या 2,872 जोड्यांवरून 1996 मध्ये हिशेब मांडला गेला. माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा आनुवंशिक निघाला. नंतर 2018 मध्ये कोट्यवधी माणसांच्या वंशावळींवरून पुन्हा गणित झालं आणि आकडा दहा टक्क्यांच्याही खाली घसरला. (आकड्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही, शास्त्रज्ञही आपल्यासारखेच भांडतात.) त्यात मला सगळ्यात आवडलेली गंमत म्हणजे, रक्ताचं नातं नसलेल्या मेव्हण्या-भावजयांचीही आयुष्यं एकमेकांशी जुळत होती. का? तर माणसं आपल्यासारखाच जोडीदार बघतात. त्याला आपण 'तोलामोलाचं स्थळ' म्हणतो! सारखा पैसा, सारखं शिक्षण, सारख्या सवयी. त्या सगळ्याचा परिणाम जनुकांच्या खात्यावर जमा होत होता.

आणि एका रिपोर्टवरून कोण किती जगणार ते सांगता येतं का? 2010 मध्ये 'सायन्स'सारख्या मातब्बर नियतकालिकात तसा दावा छापून आला होता. दीडशे जागा तपासा, माणूस शंभरी गाठणाऱ्यांतला आहे का ते 77 टक्के अचूक सांगतो. जगभर हेडलाइन. पुढच्याच वर्षी पेपर मागे घ्यावा लागला, कारण तपासणीसाठी वापरलेल्या एका चिपमध्ये चुका होत्या. लेखकांनी नंतर सुधारून वेगळीकडे छापला, पण तोवर माझ्यासारख्या भाबड्या ग्राहकांसाठी बाजार उघडला असणार.

आजीच्या मिशेरीचं आणि तुपाचं कोडंही इथेच थोडं सुटलं. न्यूयॉर्कला नीर बार्झिलाय नावाचे डॉक्टर 1998 पासून पंचाण्णवच्या पुढच्या ज्यू आजी-आजोबांचा अभ्यास करताहेत. 2011 मध्ये त्यांच्या गटाने अशा 477 जणांच्या जुन्या सवयी त्याच पिढीतल्या सर्वसामान्य लोकांशी ताडून पाहिल्या. वाटलं असेल, हे सगळे योगी निघतील. छे! सिगारेट, दारू, वजन, व्यायाम, सगळ्यात ते इतरांसारखेच. त्यांना जनुकांचं चिलखत होतं. ते ज्यांच्याकडे नाही त्यांनी आजीकडे बघून मिशेरी लावू नये, इतका साधा मुद्दा आहे.

अशा लोकांमध्ये सीईटीपी नावाच्या जनुकाचं एक रूप जास्त आढळलं, ज्याने म्हणे चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं. एका बड्या औषध कंपनीने ते जनुक जे प्रथिन बनवतं त्याला रोखणारी गोळी काढली. पंधरा हजार लोकांवर चाचणी. डिसेंबर 2006 मध्ये ती घाईघाईने थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते.

मग मला तो ब्रिटनमधला अभ्यास सापडला आणि मी तिथेच अडकले. तिथे सुमारे पाच लाख लोकांची जनुकं नोंदलेली आहेत. ते स्वतः अजून हयात, मग आयुर्मान कसं कळणार? संशोधकांनी युक्ती केली. त्यांच्या आईवडिलांची वयं घेतली, किती वर्षं जगले ती. आणि मग विचारलं, ज्यांचे आईवडील लवकर गेले त्यांच्या जनुकांमध्ये काय सारखं आहे?

हा प्रश्न माझाच होता ना!

उत्तरात संजीवनी वगैरे काही निघालं नाही. निघाली रोगांची यादी. एक जनुक माणूस किती सिगारेटी ओढतो त्याच्याशी निगडित. दुसरं एपीओई, ज्याचं ई-फोर हे रूप स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतं. आणि तिसरं एलपीए, जे रक्तात लायपोप्रोटीन-ए नावाचे चिकट कण किती फिरणार ते ठरवतं. हे कण जास्त असले की रक्तवाहिन्या लवकर तुंबतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा आकडा वेगळा येत नाही. मागावा लागतो.

म्हणजे दीर्घायुष्याचा मोठा भाग हा दुसरं-तिसरं काही नसून लवकर मरण्याची कारणं वाट्याला न येणं आहे.

मी रिपोर्ट प्रिंट करून आमच्या ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी तो गठ्ठा न चाळताच टेबलाच्या कडेला सरकवला. "वडील कितव्या वर्षी गेले?"

"बावन्न."

"आजोबा?"

आजोबा मी पाहिलेलेच नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी शेतावरून आले, ओसरीवर पडले ते उठलेच नाहीत. घरात सांगतात, वारा लागला.

"तुझ्या साठ पानांत नाही ते या दोन आकड्यांत आहे," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवर एकच तपासणी लिहून दिली. लायपोप्रोटीन-ए. आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण हा आकडा जन्मभर फारसा हलत नाही. पन्नासच्या वर गेला की जास्त समजतात.

माझा आला 96.

ते वाचल्यावर मी लॅबच्या बाहेर स्कूटीवर तशीच बसून राहिले, हेल्मेट हातात. हिरवा स्मायली देणाऱ्या रिपोर्टमध्ये या आकड्याचा उल्लेखही नव्हता.

आईलाही तपासायला नेलं. तिचा आला 11. म्हणजे माझा बाबांकडूनच. बाबांचं रक्त आता तपासता येणार नाही, पण हा आकडा जवळजवळ सगळा जनुकातूनच येतो, त्यामुळे तर्क पक्का आहे. डॉक्टरांनी न घाबरवता सांगितलं की हा आकडा पळून किंवा पथ्य करून कमी होत नाही, त्यावरची खास औषधं मी हे लिहितेय तेव्हा अजून चाचण्यांत आहेत. मग आपल्या हातात आहे ते बाकीचं सगळं. एलडीएल, बीपी, साखर, वजन, तंबाखूला लांबून नमस्कार. माणसाला एका बाजूने धोका असेल तर बाकीच्या बाजू बंद करायच्या.

आता आजीला काय सांगायचं?

मी तिच्या पानाच्या डब्याशेजारी बसून कागदावर दोन उभ्या रेघा काढल्या. कारण एक गोष्ट मला वाचताना सापडली होती आणि ती डोक्यातून जात नव्हती. फॉक्सो-थ्री आणि एलपीए, दोन्ही जनुकं एकाच गुणसूत्रावर आहेत. सहाव्या. एकमेकांपासून लांब, पण वाडा एकच. बाबांना एक सहावं गुणसूत्र आजीकडून मिळालं, एक आजोबांकडून. मला देताना शरीराने ती दोन्ही पत्ते पिसावेत तशी पिसली आणि त्यांतून एक नवं बनवून दिलं. त्यावर एक तुकडा आजीचा, एक आजोबांचा, असं सहज असू शकतं.

"ही रेघ तुझी, ही आजोबांची. नंदूकडं दोन्ही होत्या. तुझं त्यानं काही गमावलं नव्हतं आजी, आणि तूही त्याचं काही घेतलं नाहीस. पण बहुतेक त्यांच्याकडून हे दुसरं आलं होतं, आणि ते आधी लागू पडलं."

'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आजीचं रक्त तपासलेलं नाही, ती तयार नाही. "चौऱ्याण्णवाव्या वर्षी सुई टोचून काय कळायचंय!"

आजी बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "ह्यांनापण कुणी सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "मी म्हणत होते, वारा नव्हे तो."

त्यानंतर 'आयुष्य खाल्लं' हे वाक्य तिने सोडलंय, असं मी म्हणणार नाही. परवाच पुन्हा ऐकलं. इतक्या वर्षांची गोष्ट एका कागदाने थोडीच जाणार. पण तो कागद तिने पोथीत ठेवलाय, हे आईने मला हळूच सांगितलं.

रिपोर्टमधलं एक पान मी अजून उघडलेलं नाही. एपीओईचं. त्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते, बटण दाबलं की तीन वेळा विचारतात, नक्की ना? डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसनने 2007 मध्ये स्वतःचा संपूर्ण जीनोम जाहीर केला तेव्हा हे एकच जनुक झाकून ठेवायला सांगितलं होतं. त्याच्या एका आजीला अल्झायमर्स होता. गंमत म्हणजे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की नुसतं ते झाकून भागत नाही, आजूबाजूच्या जनुकांवरून अंदाज येतो. शेजाऱ्यांकडून बातमी फुटते, तसंच! मग तो सगळा भागच झाकावा लागला. वॉटसन 2025 मध्ये गेला, सत्त्याण्णवाव्या वर्षी.

या तपासणीचा निकाल कळलेल्या लोकांचाही अभ्यास झालाय, बहुतेकांना धक्का पचवता आला म्हणे. तरी मी बटण दाबत नाही. एलपीए कळल्यावर करण्यासारखं काहीतरी होतं, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं होतं.

तो दुसरा म्हणजे चिंटू. एकोणतीस वर्षांचा, बेंगळुरूत. शनिवारी ट्रेकचे फोटो, रविवारी बिर्याणीचे, आणि मधल्या पाच दिवसांत किती सिगारेटी, ते विचारायचं नाही. त्याच्या वाट्यालाही तीच रेघ आली असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मी दोनदा सांगितलं, त्याने दोनदा थम्स-अप पाठवला. 'ताई, क्वार्टर एंड आहे, नंतर.' बाबांबद्दल बोलायचं म्हटलं की तो हमखास बिझी असतो. मी जास्त ताणलं नाही. मला सोळाव्या वर्षी जे कळलं ते त्याला तेराव्या वर्षी कळलं होतं.

शेवटी फोन आजीने केला. मला न विचारता, आईच्या मोबाइलवरून. काय बोलली ते दोघंही सांगत नाहीत.

गेल्या मंगळवारी मी मीटिंगमध्ये असताना त्याचा कॉल आला. मी बाहेर पॅन्ट्रीत जाऊन घेतला. मागे ट्रॅफिकचा आवाज होता.

"ताई, लॅबच्या बाहेर उभाय. हे तुझं ते एल-पी-लिटल-ए. उपाशी यायचं होतं का? मी डोसा खाल्लाय."

"चालतं. त्याला उपाशी लागत नाही."

"नक्की ना? नाहीतर उद्या येतो."

"नक्की," म्हटलं, "तू आत जा."